काकूंचं मशीन

तिला ओळखणारे लोक तिला निम्मेताई म्हणत. तोंडावर कोणी म्हणायचं नाही, पण तिच्या कानावर ते आलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा रागही नव्हता. समोरच्याने वस्तूची काहीही किंमत सांगितली की ती निम्म्यापासून बोलायला सुरुवात करायची आणि दहातल्या सात वेळा तिथेच संपवायची.

दर शनिवारी ती आणि तिचा नवरा घराबाहेर पडत. विजेच्या खांबांवर आणि किराणा दुकानाच्या काचेवर कागद चिकटवलेले असत, 'घरसामान विकणे आहे' आणि खाली पत्ता. कुणी गॅरेजमध्ये पसारा मांडलेला असे, कुणी अंगणात चादर अंथरून, कुणी सरळ घराचं दार उघडं टाकून. निम्मेताईच्या लेखी या विक्रीचे तीन प्रकार होते. बदलीवाले घाईत असतात, पण हिशेबी असतात. संसार मोडलेले लोक एकमेकांवरच्या रागाने स्वस्तात देऊन टाकतात, पण ऐन वेळी दुसरा येतो आणि म्हणतो, ते माझं आहे. सगळ्यांत उत्तम मयताची विक्री. वारसांना संध्याकाळपर्यंत किल्ली द्यायची असते आणि कपाटातल्या कपड्यांचा वास नकोसा झालेला असतो.

तिचे काही नियम होते. दुपारी चारनंतर जायचं, तोवर विकणारे दमलेले असतात. जी वस्तू आवडली तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि भलत्याच वस्तूची किंमत विचारायची. कपाट पुढून बघायचं नाही, मागून बघायचं. गादी आणि बूट सोडून बाकी सगळं जुनं चालतं. एकोणीस वर्षांच्या संसारात नव्या वस्तू बोटावर मोजण्याइतक्या होत्या. जेवायच्या टेबलावर कुणाच्या तरी मुलाने कर्कटकाने कोरलेला सातचा पाढा होता, आणि तोही चुकलेला. फ्रिजचं दार उलट्या बाजूला उघडायचं. कपांमध्ये एकासारखा दुसरा नव्हता. हे सगळं स्वतःचं घर घेण्यासाठी चाललं होतं. पण घरांच्या किमती लिफ्टने वर गेल्या आणि यांची बचत जिन्याने, तेव्हा आता घराचा विषय दोघांपैकी कोणी काढत नसे. बचत मात्र चालू राहिली होती, सवयीने.

नवरा वायरमन होता. बोलायला कमी, उचलायला तयार. विजेची वस्तू असली की खिशातला टेस्टर काढून तपासायचा, आणि सौदा झाला की खांद्यावर घ्यायचा. बायको घासाघीस करत असताना तो जरा बाजूला उभा राहून ऐकायचा. घरी येताना म्हणायचा, "आज तू त्याला अगदी रडवलंस." त्यात कौतुक असायचं.

निम्मेताई स्वतः एका लाँड्रीत दुरुस्तीच्या कामाला होती. वाफेच्या इस्त्रीमागे एक स्टूल, एक मशीन, आणि लोकांच्या तुटक्या चेनी, उसवलेल्या शिवणी, घट्ट झालेल्या कमरा. नगावर पैसे. मशीन लाँड्रीवाल्याचं, म्हणून नगामागचा मोठा वाटा त्याचा. आपलं स्वतःचं चांगलं मशीन असतं तर, हे ती दहा वर्षं म्हणत होती.

त्या शनिवारचा पत्ता एका जुन्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरचा होता. दार उघडं होतं. आत चाळिशीचा एक माणूस उभा होता, इस्त्रीचा शर्ट आणि पायांत आरशासारखे चकचकीत बूट. भिंतीवर जिथे फोटो होते तिथे फिकट चौकोन राहिले होते. भांडी जमिनीवर ओळीने मांडली होती. मोरीच्या दारामागे टॉवेल मात्र अजून लटकत होता.

मशीन खिडकीशी होतं. कारखान्यात असतं तसं जड, बिडाचं, मोटर बसवलेलं, टेबलासकट. निम्मेताईने जाता जाता एका बोटाने चाक फिरवलं. चाक फिरलं ते फिरतच राहिलं. सुईत निळा दोरा ओवलेला होता आणि दाबपट्टीखाली एक अर्धी शिवलेली कॉलर होती. तिने लगेच मशीनकडे पाठ केली.

"हा आरसा कितीला?" तिने विचारलं.

आरशावर पाच मिनिटं गेली. मग खुर्च्यांवर. मग जणू आठवण झाली म्हणून ती म्हणाली, "आणि ते मशीन? चालतं का नुसतंच जागा अडवून बसलंय?"

"सात हजार," तो म्हणाला. "आईचं आहे."

"आई?"

"आई आता इथे नसते." तो मोबाइलमध्ये बघत होता.

निम्मेताईने आवाज मऊ केला. "वाईट झालं. वय काय होतं?"

"बाहत्तर."

'होतं'ला त्याने हरकत घेतली नाही. तिनेही पुढे काही विचारलं नाही. गेलेल्या माणसाचं मशीन घरात आणायचं म्हणजे गिऱ्हाइकं नाक मुरडतात, असं मात्र ती म्हणाली. मोटरचा आवाज येतोय, पट्टा सैल आहे, तीन मजले उतरवायचे आहेत, हेही म्हणाली. साडेतीन हजारांना सौदा ठरला, खालचा ड्रॉवर दोऱ्या-बटणांसकट.

वायरमनने मशीनचं डोकं खांद्यावर घेतलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पिशवी घेतलेली एक शेजारीण भेटली. ती भिंतीला लागून उभी राहिली आणि म्हणाली, "हे काकूंचं ना? अहो, काकूंना कोणी विचारलं का?"

वायरमन थांबला. एवढं ओझं खांद्यावर असूनही थांबला.

"चला हो," निम्मेताई मागून म्हणाली, "खांदा भरून येईल."

तो उतरू लागला.

मशीन घरी आलं आणि दिवस पालटले. त्याच्यावर जाड कापडाचे चार थर सरळ जायचे, टाका कुठे अडायचा नाही. ड्रॉवरमध्ये बटणांच्या डब्याखाली एक वही सापडली. पानापानावर माणसांची मापं, नावं आणि फोन नंबर, बारीक अक्षरात. 'डावा खांदा उतरता.' 'पोट सुटलंय, विचारू नये, अर्धा इंच जास्त ठेवावा.' शेवटची नोंद विक्रीच्या तीन आठवडे आधीची होती. निम्मेताईने तारीख पाहिली आणि पान उलटलं.

दोन दिवस तिने वही तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी एकेकाला फोन लावायला घेतले. "काकू आता नसतात," ती सांगायची. "त्यांचं मशीन माझ्याकडे आहे. तुमची मापंही आहेत." मुलाचेच शब्द होते, फक्त मधला 'इथे' गळाला होता. लोक हळहळायचे. एक बाई तर फोनवर बराच वेळ रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, कोट कमरेत थोडा सैल करून मिळेल का?

महिन्याभरात निम्मेताईने लाँड्री सोडली. दोन महिन्यांत एका दुकानाकडून शाळेच्या गणवेशाचं काम मिळालं. वायरमनने तिच्यासाठी मशीनवर चांगला दिवा बसवला. घराचा विषय पुन्हा निघाला, जेवताना, चाचरत.

चार महिन्यांनी एका सकाळी जिन्यात काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबा, पुन्हा एक पायरी. वायरमन त्या दिवशी घरीच होता. निम्मेताईने दार उघडलं. बाहेर उंच, हाडकुळी म्हातारी उभी होती, जाड भिंगांचा चष्मा, हातात चार पायांची काठी. तिला दम लागला होता.

"मी ती," म्हातारी म्हणाली, "जी आता नसते."

निम्मेताईला काय ते क्षणात कळलं, तरी ती म्हणाली, "कोण हवंय तुम्हाला?"

"बसू दे आधी."

काकू बसल्या आणि सांगू लागल्या. मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मग मुलाने त्यांना म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात ठेवलं, चालायला लागेपर्यंत म्हणून. घराला कुलूप आहे, काळजी करू नकोस, असं तो दर रविवारी सांगायचा. मागच्या आठवड्यात त्या तपासणीला गेल्या होत्या. तिथे लिफ्टपाशी त्यांची एक जुनी गिऱ्हाईक भेटली. ती काकूंना बघून बाकावर खालीच बसली. त्या बाईकडून हा पत्ता मिळाला.

"त्याने घर भाड्याने दिलंय," काकू म्हणाल्या. "माझं सगळं विकून. घर त्याच्याच नावावर आहे, मीच केलं होतं. तेव्हा तक्रार कुठे करायची तेही कळत नाही." त्या मशीनकडे बघत होत्या. मशीनवर गणवेशाचा निळा स्कर्ट होता. "हे मला परत हवंय. कितीला घेतलंस?"

खरा आकडा निम्मेताईच्या जिभेवर होता. पण साडेतीन हजार म्हणजे म्हातारी चार दिवसांत कुणाकडून तरी घेऊन येईल. दुकानात दीडशे स्कर्ट द्यायचे होते.

"सात हजार," ती म्हणाली.

काकूंनी वायरमनकडे पाहिलं. तो स्विचबोर्डापाशी उभा होता. ज्याने एकोणीस वर्षं हिला मागितलेली किंमत कधी देताना पाहिलं नव्हतं, त्याने टेस्टर खिशात ठेवला, पुन्हा काढला, आणि तो बोर्डाचा स्क्रू घट्ट करू लागला. स्क्रू घट्टच होता.

"सात," काकू म्हणाल्या. "बरं. आत्ता माझ्याकडे नाहीत." मग जरा वेळाने, "तुझ्या टाक्याला ताण जास्त पडतोय. कापड गोळा होतंय बघ. मला कामाला ठेव. केंद्रातून दिवसा सोडतात."

याची अपेक्षा निम्मेताईला नव्हती. पण दीडशे स्कर्ट होते आणि तिच्याच्याने ते वेळेत होणार नव्हते. दुकानवाला नगाला चाळीस देत होता. शिवणाऱ्याला वीस द्यायची सगळीकडे रीत.

"दहा देईन," ती म्हणाली. तोंडातून ते आपसूक निघालं.

"चालेल," काकू म्हणाल्या.

त्या रोज दहाला येऊ लागल्या. पाच वाजता जात. पहिल्याच दिवशी त्यांनी मशीनचा ताण सारखा केला, तेल दिलं आणि खुर्चीवर उशी ठेवून दुखरा पाय बाजूला काढून बसल्या. मग मशीनपाशी निम्मेताईला जागाच उरली नाही. काज-बटण, दुमडी, धागे कापणं, इस्त्री हे सगळं हातचं काम तिच्याकडे आलं. स्वतःच्या घरात ती स्टुलावर बसायची आणि काकू खुर्चीवर. जुनी गिऱ्हाइकं काकू जिवंत आहेत असं कळल्यावर पेढे मिळाल्यासारखी यायची, काकूंशीच बोलायची, आणि मापं देताना निम्मेताईच्या हातात पर्स धरायला द्यायची. "तुम्हीच ना फोन केला होता?" असं एकीने विचारलं. निम्मेताई म्हणाली, "हो, जरा गैरसमज झाला."

काकूंनी त्या फोनवरून तिला एकदाही टोचलं नाही. वहीसुद्धा मागितली नाही. फक्त ती उघडून त्यात पुढच्या नोंदी करू लागल्या. त्या भांडल्या असत्या तर निम्मेताईला सोपं गेलं असतं. भांडण तिला जमत होतं.

तिला जास्त खुपलं ते नवऱ्याचं वागणं. तो कामावरून लवकर येऊ लागला. काकूंना हात धरून जिना उतरवायचा, कोपऱ्यापर्यंत सोडायचा. त्यांच्यासाठी चहा स्वतः करायचा. ज्या माणसाने लग्नानंतर घरात गॅस पेटवला नव्हता, तो विचारायचा, "काकू, साखर किती?" काकू त्याला केंद्रातल्या गमती सांगत. सहा खाटांची खोली, त्यातल्या तिघी एकमेकींच्या कवळ्या घालतात. तो हसायचा. शनिवारी बायको पिशवी घेऊन निघाली की म्हणायचा, आज कंबर दुखतेय. मग ती एकटीच जायची आणि जड वस्तू बघून परत यायची.

"तुम्हाला एवढं वाटतं तर तेव्हाच का नाही बोललात?" एकदा तिने विचारलं.

"काय बोलायचं होतं?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते."

"तू विचारशील तेव्हा बोलेन असं ठरवलं होतं," तो म्हणाला. "तू विचारलं नाहीस." आणि पायांत चपला घालून खाली गेला.

सहा महिन्यांनी, सोमवारी, काकू नेहमीपेक्षा उशिरा आल्या. मशीनवर न बसता टेबलाशी बसल्या आणि पिशवीतून पाकीट काढलं.

"सात आहेत. मोजून घे."

निम्मेताई उभीच राहिली. दहा-दहाने साठवलेले ते पैसे होते, बऱ्याच नोटा मळक्या. "एवढी घाई काय होती काकू?"

"बटणवाल्याच्या दुकानामागे खोली मिळालीय. तिथे राहीन आणि शिवीन. केंद्रात आता नाही राहायचं. त्याचे पैसे मुलगा भरतो आणि मला त्याचं काही नकोय." त्यांनी चष्मा पुसला. "मी त्याच्याशी बोलणं टाकलंय. इथे आले त्या पहिल्याच महिन्यात. मी त्याला विचारलं, मशीन कितीला दिलंस? तो म्हणतो साडेतीन. घर रिकामं केलं ते केलं, वर आईच्या मशीनमध्ये साडेतीन हजार खाल्ले आणि तोंड वर करून खोटं बोलतो. मी सांगितलं, पुन्हा माझ्यासमोर येऊ नकोस. नात्यातल्या सगळ्यांना सांगितलं. आता त्याला कोणी दारात उभं करत नाही."

खोलीत मशीनवरचा दिवा चालू होता. वायरमन दारातच होता, हातात काकूंची काठी. त्याने बायकोकडे पाहिलं. त्याच्या बघण्यात राग नव्हता, तो वाट बघत होता.

निम्मेताईने पाकीट उचललं आणि मोजायला घेतलं. मोजताना तिचे ओठ हलत होते. सात भरले. "बरोबर आहेत," ती म्हणाली.

त्याच दुपारी वायरमनने एक हमाल आणला आणि मशीन खाली नेलं. टेबल, ड्रॉवर, वही, तो दिवाही सोडवून घेतला. दिवा आपला आहे, असं तिने म्हटलं नाही. तो रात्री जेवायला घरी आला, पण जेवताना एक शब्द बोलला नाही. पुढेही तसंच. भांडत नव्हता, रुसत नव्हता. मीठ मागायचा, किल्ली कुठे आहे ते विचारायचा, एवढंच.

पंधरवड्याने दारात चकचकीत बुटांचा मुलगा उभा राहिला. बूट आज चकचकीत नव्हते. तो आत आला नाही.

"तुम्ही मशीन नेलं होतंत," तो म्हणाला. "साडेतीनला. मला एक कागद लिहून द्याल का? फक्त एवढंच, की साडेतीन दिले."

"पावती कुठे केली होती आपण?"

"म्हणूनच तर मागतोय." त्याने आवाज खाली आणला. "हे बघा, मी जे केलं ते केलं. आईला विचारायला हवं होतं. ती परत चालेल असं डॉक्टरलाही वाटत नव्हतं आणि मला घराचं भाडं हवं होतं. ते मी नाकारत नाही. पण ते पैसे मी खाल्ले नाहीत. माझी मावशी माझ्याशी बोलत नाही. माझी बायको मला विचारते, खरं सांग, खाल्लेस का? तुम्ही लिहिलंत तर..."

त्याने सगळं केलं होतं आणि हे एक केलं नव्हतं, आणि नेमकं त्याच्यासाठीच तो दारोदार फिरत होता. निम्मेताईला त्याची दया आली. दया आली की माणूस देतो, आणि दिलं की अंगाशी येतं, हे तिला विकणाऱ्यांकडे बघून बघून पाठ झालं होतं.

"बरेच महिने झाले," ती म्हणाली. "मला आकडा आठवत नाही."

तो म्हणाला, "तुम्हाला आठवतो," आणि उतरून गेला.

आतल्या खोलीतून वायरमनने सगळं ऐकलं होतं. तो बाहेर आला, आणि कित्येक दिवसांनी आपणहून बोलला. "जाऊन सांग काकूंना. मी सांगू शकलो असतो. रोज जिना उतरताना तोंडापर्यंत यायचं. पण ते तू सांगायचं आहेस."

"सांगितलं तर काय होईल?"

"मला माहीत नाही काय होईल. तू सांग."

तिने पाच-सहा दिवस टाळलं. मग एका सकाळी साडेतीन हजार पर्समध्ये घातले आणि बटणवाल्याच्या दुकानामागच्या खोलीपर्यंत गेली. खोली एवढीशी, त्यात मशीन, खाट आणि दोरीवर लटकवलेले शिवून झालेले कपडे. काकू पाय बाजूला काढून शिवत होत्या. निम्मेताईने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मध्ये थांबली असती तर पुढे बोलवलं नसतं. पैसे टेबलाच्या कडेला ठेवले.

काकूंनी शिवण पुरी केली, धागा तोडला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सात खोटे होते ते. तू आकडा सांगितलास आणि तुझ्या नवऱ्याने स्क्रू पिळायला घेतला, तेव्हाच. आणि लोक तुला काय म्हणतात ते गिऱ्हाइकांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं."

निम्मेताईला काही समजेना. "मग मुलाला तुम्ही..."

"बस जरा." पण बसायला जागा नव्हती, म्हणून ती खाटेच्या कडेला टेकली. काकू शांतपणे बोलत होत्या, जसं माप सांगावं तसं. "त्याने माझं घर उचकटून विकलं. मी जिवंत असताना. ते मी सगळ्यांना सांगितलं, आधी तेच सांगितलं. तर काय म्हणाले? अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं असेल. तुला एकटीला जमणार होतं का? केंद्रात बरी सोय आहे ना? माझी सख्खी बहीणसुद्धा हेच म्हणाली. मग मी म्हणाले, त्याने पैसे खाल्ले. तेव्हा सगळे गप्प झाले. ते सगळ्यांना कळतं." त्यांनी सुईत दोरा ओवला. पहिल्या खेपेलाच ओवला. "तू मला ते बोलायला दिलंस. त्या बोलण्याचे साडेतीन हजार गेले म्हण. मला महाग नाही पडलं."

"पण त्याने खाल्ले नाहीत," निम्मेताई म्हणाली. आपण हे बोलतोय याचं तिलाच नवल वाटलं. "तो माझ्या दारात आला होता."

"माझ्याही आला होता."

"मग?"

"मग काय. मी दार लावून घेतलं." काकूंचा हात चाकावर होता, पण चाक फिरत नव्हतं. "रात्री कधी कधी वाटतं की बोलावून घ्यावं. पण बोलावलं तर तो म्हणेल, बघ, मी चोर नव्हतो. आणि मग बाकीचं सगळं त्या एका वाक्याखाली झाकून जाईल. मी काय करू?"

हे विचारणं निम्मेताईला नव्हतं, पण खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"हे पैसे उचल," काकू म्हणाल्या. "आणि हे कुणाकडे बोलू नकोस. तू बोललीस तर मी म्हणेन, मुलाने तुला पैसे देऊन बोलायला लावलं. लोकांना ते पटेल. तुझं नाव कसं आहे ते तुला माहीत आहे."

निम्मेताईने पैसे उचलले. दारापाशी गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं, पण मशीन सुरू झालं होतं.

घरी वायरमन टेबलाशी बसून एका जुन्या पंख्याची मोटर उकलत होता. "गेलीस?" त्याने विचारलं.

"गेले. सगळं सांगितलं."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सुटला. "काय म्हणाल्या?"

ती सांगायला गेली आणि अडली. त्यांना आधीच माहीत होतं, त्यांनी जाणूनबुजून मुलावर आळ घेतला, आणि वर मलाच दम भरला, हे तिच्या तोंडून कसं ऐकू येईल ते तिला बोलण्याआधीच ऐकू आलं. तरी ती बोलली. जमेल तसं बोलली. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"आणि पैसे?"

"घेतले नाहीत." तिने पर्स उघडून दाखवली.

वायरमनने नोटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "काकू असं बोलणार नाहीत," तो म्हणाला. "तू गेलीच नाहीस."

"मी गेले होते हो. शपथ घेते. चला माझ्याबरोबर, विचारा त्यांना."

"नको," तो म्हणाला. "आता त्यांना त्रास नको."

त्याने पंख्याचे सुटे भाग वर्तमानपत्रात गुंडाळले आणि उठून आत गेला. मग तिला आठवलं की लाँड्रीवाल्याला दुपारच्या आत फोन करायचा होता. तिच्या जागेवर त्याने एक मुलगी ठेवली होती, पण ती मुलगी नीट काम करत नाही असं ऐकलं होतं. तिने फोन लावला. त्याने पहिल्यापेक्षा कमी दर सांगितला, नगामागे बराच कमी. ती हो म्हणाली आणि विचारलं, उद्यापासूनच येऊ का?